घरी बनवलेल्या ट्यूब गिटार अ‍ॅम्पमध्ये रिलेचा लो-व्होल्टेज सप्लाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चॅनल बदलायचा, सोलोसाठी बूस्ट मारायचा, रिव्हर्ब चालू-बंद करायचा, यासाठी अ‍ॅम्पमध्ये एकदोन रिले टाकायचे म्हटलं की सगळे रिलेच्या (म्हणजे कॉइलमध्ये करंट सोडला की चालणाऱ्या स्विचच्या) कॉन्टॅक्टचा विचार करतात, सिग्नल कुठे तोडायचा, कुठे जोडायचा वगैरे, आणि कॉइलला लागणारे ते ५ किंवा १२ व्होल्ट "कुठून तरी घेऊ" म्हणून शेवटी ठेवतात. नव्याण्णव टक्के त्रास तिथूनच सुरू होतो. म्हणून खालचे बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात: या सप्लायचा मायनस कुठे जातोय?

आणि सुरुवातीलाच, कारण हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. रिलेचे ५ व्होल्ट निरुपद्रवी आहेत पण त्याच चॅसीमध्ये (धातूच्या डब्यात) दोन बोटांच्या अंतरावर ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये राहतात. आधी डिस्चार्ज, मग मीटरने खात्री, मगच हात आत. तीन पिनचा प्लग आणि अर्थिंग चॅसीला नीट बोल्ट केलेलं असल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करायचा नाही.

रिले लागतोच कशाला? फुटस्विचनेच थेट सिग्नल ग्राउंड केला तर?

काही ठिकाणी चालतं. जुन्या फेंडर अ‍ॅम्पमध्ये रिव्हर्बचा फुटस्विच असाच आहे, शील्डेड केबलमधून सिग्नल स्विचपर्यंत जातो आणि तिथे ग्राउंड होतो. पण हाय गेन प्रीअ‍ॅम्पचा मधलाच एखादा पॉइंट पाच मीटर केबलवरून स्टेजच्या पुढे नेऊन परत आणायचा म्हणजे ट्रेबल गेला, हम आला आणि कधी कधी शिट्टीपण. रिले लावला की सिग्नल बोर्डवरच राहतो, केबलमधून फक्त कॉइलचा डीसी जातो.

दुकानात रिले मागितला तर निळा चौकोनी डबा देतात, तो लावू का?

नको. तो शुगर क्यूब रिले, पंप, पंखे, बल्ब चालवायला बनवलेला, १० अँपिअर वगैरे रेटिंगचा. त्याचे कॉन्टॅक्ट तेवढ्या जड करंटसाठी केलेले असतात, आणि गिटारचा सिग्नल इतका बारीक असतो की कॉन्टॅक्टवर बसलेला ऑक्साइडचा पातळ थर तो फोडू शकत नाही. सुरुवातीला छान चालतो, मग एका पावसाळ्यानंतर आवाज मधेच बारीक होतो, खरखर येते आणि माणूस ट्यूब बदलत बसतो. सिग्नल रिले मागा: छोटा, सील्ड, डबल पोल, सोन्याचा मुलामा असलेल्या कॉन्टॅक्टचा. पॅनासॉनिकचा टीक्यू२ किंवा ओमरॉनचा जी५व्ही-२ असं नाव सांगूनच मागितलेलं बरं. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत सहज नाही मिळाला तर ऑनलाइन मागवा, पण यात तडजोड नको. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत सील्ड असणं तर फारच महत्त्वाचं.

५ व्होल्टचा घेऊ की १२ व्होल्टचा?

आधी सप्लाय कुठून येणार ते ठरवा, मग रिले. उलटं केलं की जुगाड सुरू होतात. करंटचा अंदाज येण्यासाठी आकडे देतो: टीक्यू२ ५ व्होल्टचा साधारण २८ मिलिअँपिअर घेतो, तोच १२ व्होल्टचा जेमतेम १२ मिलिअँपिअर. जी५व्ही-२ जास्त खातो, ५ व्होल्टचा १०० आणि १२ व्होल्टचा ४२ च्या आसपास. म्हणजे तीन रिले असतील तर टीक्यू२ ने ८५ मिलिअँपिअरमध्ये काम होतं, जी५व्ही-२ ने ३०० लागतात. हीटरच्या (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेच्या) वायंडिंगवरून घेताना हा फरक खूप मोठा आहे.

टीक्यू२ च्या कॉइलला प्लस-मायनस असतो, उलटा जोडला तर तो ओढणारच नाही, म्हणजे कॉन्टॅक्ट हलणारच नाहीत. जळत नाही, नुसता गप्प बसतो. रिले "डेड" आहे म्हणून फेकून देण्याआधी हे बघा.

ट्रान्सफॉर्मरवर ६.३ व्होल्टचं हीटर वायंडिंग आहेच, त्यातूनच घेतलं तर?

घेता येतं, आणि अनेक जण घेतात. दोन अटी आहेत.

पहिली, वायंडिंगमध्ये करंट शिल्लक पाहिजे. ट्यूबप्रमाणे हीटरचा करंट असा: १२एएक्स७ एक म्हणजे ०.३ अँपिअर, ईएल८४ एक ०.७६, ६व्ही६ एक ०.४५, ईएल३४ एक १.५. सगळ्यांची बेरीज करा आणि ट्रान्सफॉर्मरच्या रेटिंगमधून वजा करा. डीसीला जेवढा करंट लागतो त्याच्या पावणेदोन-दोन पट एसी बाजूला पकडायचा, कारण ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटर असला की करंट सलग न जाता झटक्याझटक्याने जातो. म्हणजे १०० मिलिअँपिअरच्या रिलेंसाठी २०० मोकळे ठेवा.

दुसरी अट ग्राउंडची, आणि तिथेच सगळे अडकतात, त्यामुळे तिला वेगळा प्रश्न.

हीटरवरून ब्रिज लावला, मायनस चॅसीला जोडला, आणि अ‍ॅम्प भयानक बझ करायला लागला. का?

कारण हीटर आधीच ग्राउंडला जोडलेला आहे. एकतर ६.३ च्या वायंडिंगला सेंटर टॅप (बरोबर मधून काढलेली वायर) आहे आणि तो चॅसीला गेलाय, नाहीतर तुम्ही दोन्ही टोकांवरून १००-१०० ओहमचे रेझिस्टन्स ग्राउंडला लावलेत. दोन्हींचा उद्देश एकच, हीटरची दोन टोकं ग्राउंडच्या वर-खाली सारखी हलावीत म्हणजे हम एकमेकांत कटतो.

आता ब्रिजमध्ये काय होतं बघा. ब्रिजचा मायनस हा दर क्षणी एसीचं जे टोक खाली असेल त्याला डायोडमधून जोडलेला असतो. म्हणजे तो मायनस ग्राउंडच्या लेव्हलला नसतोच, तो साधारण साडेतीन ते चार व्होल्ट ग्राउंडच्या खाली असतो आणि प्लस तेवढाच वर. तुम्ही तो मायनस जबरदस्तीने चॅसीला बांधला की खरा सेंटर टॅप असेल तर अर्धं वायंडिंग एका डायोडमधून शॉर्ट होतं, पुढच्या अर्ध्या सायकलला दुसरं अर्धं. डायोड उडतो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर तापतो. रेझिस्टन्सवाला सेंटर टॅप असेल तर काही उडत नाही, म्हणूनच तो जास्त फसवा: हीटरची दोन्ही टोकं आता ग्राउंडच्या खाली जाऊच शकत नाहीत, बॅलन्स संपला, आणि ५० हर्ट्झच्या मऊ हमऐवजी १०० हर्ट्झचा खरखरीत बझ थेट पहिल्या ट्यूबच्या कॅथोडपर्यंत (हीटरने तापणाऱ्या भागापर्यंत) पोचतो. मग लोक ट्यूब बदलतात, शील्डेड वायर टाकतात, फिल्टर कपॅसिटर दुप्पट करतात, आणि बझ तिथेच.

उपाय एकच आहे, हा सप्लाय तरंगता ठेवायचा. मायनस कुठेही चॅसीला लावायचा नाही. रिलेची कॉइल आणि कॉन्टॅक्ट एकमेकांपासून पूर्ण वेगळे असतात, त्यामुळे कॉइलच्या सर्किटला ऑडिओ ग्राउंडची गरजच नाही. आणि "कुठेही नाही" म्हणजे फुटस्विचच्या जॅकमधूनही नाही. साध्या धातूच्या जॅकची स्लीव्ह नटमधून चॅसीला लागते, म्हणून प्लास्टिक बॉडीचा जॅक घ्या, आणि फुटस्विचचा डबा धातूचा असेल तर तिथेही तसाच.

तपासायचं असेल तर मीटर डीसीवर ठेवा, काळी पिन चॅसीला, लाल रिले सप्लायच्या मायनसला. उणे साडेतीन-चारच्या आसपास दिसलं तर बरोबर. शून्य दिसलं तर तो कुठेतरी चॅसीला टेकलाय.

माझ्या अ‍ॅम्पमध्ये हीटर एलेव्हेटेड आहेत, म्हणजे ४०-५० व्होल्ट डीसीवर बसवलेत. मग?

मग हीटरवरून रिले सप्लाय घेऊ नका. तरंगता ठेवला तरी तो सगळा सप्लाय त्या ४०-५० व्होल्टवर जाऊन बसतो, आणि ते व्होल्टेज केबलमधून तुमच्या पायाखालच्या डब्यापर्यंत जातं. वेगळा ट्रान्सफॉर्मर लावा.

६.३ वर ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) बसतो का?

कागदावर जेमतेम बसतो. ६.३ चा पीक ८.९, ब्रिजच्या दोन डायोडमध्ये १.४ गेले, राहिले साडेसात. ७८०५ ला ५ व्होल्ट द्यायला आत सातच्या वर लागतात. त्यात रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार: १०० मिलिअँपिअरला १००० मायक्रोफॅरडवर जवळजवळ १ व्होल्ट रिपल येतो, २२०० वर साधारण अर्धा. आणि घरचं व्होल्टेज २३० चं २१० झालं की साडेसातचेही पावणेसात होतात. रिले तरीही ओढून धरेल, कारण त्याला चारेक व्होल्टही पुरतात, त्यामुळे "चालतंय की" असं वाटतं, पण रेग्युलेटर तोपर्यंत रेग्युलेट करायचं सोडून रिपल सरळ पुढे पाठवत असतो.

यावर तीन गोष्टी करता येतात. ब्रिजमध्ये १एन४००७ च्या ऐवजी १एन५८१९ शॉटकी (कमी व्होल्टेज खाणारे डायोड) टाका, अर्धा-पाऊण व्होल्ट परत मिळतो. किंवा एलएम२९४० चा ५ व्होल्टवाला लो-ड्रॉपआउट रेग्युलेटर, फक्त त्याच्या आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरड हवेतच, नाहीतर तो स्वतःच ऑसिलेट होतो. तिसरी आणि माझ्या मते एकदोन रिलेंसाठी सगळ्यात चांगली म्हणजे रेग्युलेटरच लावू नका. साडेसात व्होल्टमधून ५ व्होल्टच्या टीक्यू२ ला द्यायचे तर अडीच व्होल्ट पाडायचे, २८ मिलिअँपिअरला ८२ किंवा ९१ ओहम. प्रत्येक रिलेला त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स द्या, एकच कॉमन लावला तर दुसरा रिले ओढल्यावर पहिल्याचं व्होल्टेज पडतं. रिले काही मायक्रोप्रोसेसर नाही, त्याला अगदी ५.०० लागत नाहीत.

१२ व्होल्टचे रिले आहेत, ६.३ वरून डबलर (व्होल्टेज दुप्पट करणारं सर्किट) करू का?

होतं, लोड नसताना साडेसोळाच्या आसपास येतो, पुढे ७८१२ (१२ व्होल्टचा रेग्युलेटर) बसतो. पण डबलर एसी बाजूने आणखी दुप्पट करंट ओढतो आणि ग्राउंडचा नियम तोच राहतो, तरंगता. १२ व्होल्टचे टीक्यू२ असतील तर ठीक, जड रिले असतील तर नको.

माझ्या ट्रान्सफॉर्मरला ५ व्होल्टचं वायंडिंगपण आहे, ते मोकळं पडलंय.

हे तर सोनं आहे! एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायर ट्यूबऐवजी डायोड लावले असतील तर ते २-३ अँपिअरचं वायंडिंग कशालाच जोडलेलं नसतं, ना हीटरला ना ग्राउंडला. शॉटकी ब्रिज, २२०० मायक्रोफॅरड, आणि साधारण सव्वासहा ते सात व्होल्ट डीसी मिळतात. ५ व्होल्टच्या टीक्यू२ ला ४७ ते ६८ ओहम सिरीजमध्ये आणि काम झालं. हा सप्लाय कुठलाही गोंधळ न होता एका पॉइंटला चॅसीला बांधता येतो.

पण जीझेड३४, ५वाय३ सारखी रेक्टिफायर ट्यूब सॉकेटमध्ये असेल तर त्या वायंडिंगला हातही लावू नका. ते पूर्ण बी प्लसवर (ट्यूबच्या मुख्य हाय व्होल्टेजवर) असतं, म्हणजे तुमचा "५ व्होल्टचा" सप्लाय ग्राउंडच्या मानाने ३५० वर आणि फुटस्विचसुद्धा ३५० वर. इथे जीव जाऊ शकतो. आज डायोड लावलेत आणि उद्या ट्यूब लावून बघू असा विचार असेल तरी हा मार्ग सोडून द्या.

बायस वायंडिंगमधून किंवा बी प्लसमधून पाडून?

बायसचा (पॉवर ट्यूबचा करंट ठरवणाऱ्या उणे व्होल्टेजचा) टॅप काही मिलिअँपिअरसाठी असतो, त्यावर रिले टाकलात की रिले ओढताना बायस हलेल आणि पॉवर ट्यूब लाल होतील. बी प्लसमधून ३०० व्होल्ट पाडून २८ मिलिअँपिअर म्हणजे एका रिलेसाठी आठ वॉट उष्णता. दोन्ही नको.

वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर लावणं खरंच इतकं चांगलं आहे का?

हो. जागा असेल तर मी दुसरा पर्याय सुचवतच नाही. २३० ते ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात असतो, ९-०-९ मिळाला तर एक टोक आणि मधली वायर वापरा, उरलेलं टोक इन्सुलेट करून ठेवा. प्रायमरी मेन फ्यूज आणि मेन स्विचच्या नंतर जोडा, म्हणजे अ‍ॅम्पबरोबरच चालू-बंद होईल, आणि स्टँडबाय स्विचच्या (जो फक्त हाय व्होल्टेज तोडतो) आधी, म्हणजे स्टँडबायवरही चॅनलचा एलईडी दिसेल. ब्रिजनंतर ११-१२ व्होल्ट, ७८०५ आरामात चालतो. सेकंडरीला २५० मिलिअँपिअरचा फ्यूज टाका.

त्याचा मायनस चॅसीला जोडायचा, पण एकदाच, आणि प्रीअ‍ॅम्पच्या ग्राउंडला नाही, मेन फिल्टर कपॅसिटरच्या ग्राउंडजवळ. बसवताना तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि पहिल्या ट्यूबपासून लांब ठेवा आणि स्क्रू मारण्याआधी हातात धरून फिरवून बघा: मेनचा प्लग काढलेला, हेडफोन आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला, आणि फक्त हाच छोटा ट्रान्सफॉर्मर वेगळ्या, नीट इन्सुलेट केलेल्या वायरने चालू. जिथे हम सगळ्यात कमी ऐकू येतो ती त्याची जागा.

मोबाईलचा चार्जर उघडून आत बसवला तर? ५ व्होल्टच देतो ना.

स्वस्त चार्जरचं स्विचिंग प्रीअ‍ॅम्पपासून काही इंचांवर चालणार, आणि आतलं इन्सुलेशन कसं केलंय ते कोणी सांगू शकत नाही. मला हे अजिबात पटत नाही. अगदी जागाच नसेल तर हाय-लिंकचे सीलबंद ५ व्होल्ट ३ वॉटचे मॉड्युल येतात, ते मेनच्या टोकाला, प्रीअ‍ॅम्पपासून जास्तीत जास्त लांब लावा आणि आउटपुटला थोडा फिल्टर द्या.

रेग्युलेटर चॅसीला बोल्ट केला की थंड राहील ना?

राहील, पण ७८०५ चा धातूचा टॅब आतून त्याच्या ग्राउंड पिनला जोडलेला असतो. तरंगत्या सप्लायमध्ये त्याला नुसता बोल्ट केला की मायनस चॅसीला लागला, आणि वर लिहिलेली सगळी बझची कहाणी परत सुरू. मायका (इन्सुलेट करणारी पातळ पट्टी) आणि प्लास्टिकचा बुश लावा, मग मीटरने कंटिन्युइटी बघा. एलएम३१७ (व्होल्टेज ठरवता येणारा रेग्युलेटर) असेल तर टॅब म्हणजे आउटपुट, त्याला तर मायका पाहिजेच पाहिजे.

फुटस्विच कसा जोडायचा, आणि त्यात एलईडी पाहिजे.

प्लस कायम कॉइलला द्या आणि फुटस्विचने मायनसची बाजू जोडा-तोडा. जॅकच्या टिपवर कॉइलचं खालचं टोक, स्लीव्हवर सप्लायचा मायनस. असं केलं की केबल शॉर्ट झाली तरी फक्त रिले ओढतो, बाकी काही बिघडत नाही. उलट जोडलंत, म्हणजे जॅकवर प्लस आणलात, तर अर्धवट घुसलेला प्लगसुद्धा सप्लाय शॉर्ट करतो आणि गाण्याच्या मधे चॅनल अडकतो.

एलईडी दोन वायरच्या केबलवरच हवा असेल तर १२ व्होल्टचा टीक्यू२ घ्या, सप्लाय १४ व्होल्टच्या आसपास ठेवा आणि एलईडी फुटस्विचच्या डब्यात सिरीजमध्ये टाका, १२ मिलिअँपिअरला तो मस्त पेटतो. ५ व्होल्टच्या रिलेबरोबर हे करू नका, २८ मिलिअँपिअर साध्या एलईडीला जास्त होतात. एकाच स्विचने तीन-चार रिले चालवायचे असतील तर यूएलएन२००३ (रिले चालवणारी ट्रान्झिस्टरची आयसी) वापरा, त्यात उलटे डायोड आधीच असतात.

कॉइलवर उलटा डायोड विसरलो तर?

कॉइल सोडताना मोठा स्पाइक मारते, तो ट्रान्झिस्टर मारतो आणि स्पीकरमधून फट्ट करून ऐकू येतो. प्रत्येक कॉइलवर एक १एन४१४८ किंवा १एन४००७, पट्टी प्लसकडे, आणि रिलेच्या पायालाच सोल्डर करा, सप्लायपाशी नाही.

डायोड आहे, सप्लाय वेगळा आहे, तरी स्विच करताना टक् आवाज येतो.

मग तो सप्लायमधून येत नाहीये, कॉन्टॅक्टच्या दोन बाजूंना डीसीचा फरक आहे. कपलिंग कपॅसिटरनंतरचं जे टोक रिले उघडल्यावर हवेत राहतं, त्याला १ ते १० मेगओहमचा रेझिस्टन्स ग्राउंडला द्या म्हणजे ते शून्यावरच थांबेल. कॅथोडचा बायपास कपॅसिटर स्विच करताय तर तो पूर्ण तोडू नका, त्याच्या सिरीजमध्ये १०० के (किलोओहम) चा रेझिस्टन्स ठेवा आणि रिलेने तो १०० के शॉर्ट करा, कपॅसिटर कायम चार्ज राहतो आणि टक् जातो. एवढं करूनही राहिला तर कॉइलची परतीची वायर कुठून जाते ते बघा, ती प्रीअ‍ॅम्पच्या ग्राउंड वायरचा एखादा तुकडा वापरत असेल तर दर वेळी ते २८ मिलिअँपिअर त्या वायरमध्ये एक छोटा धक्का देतात आणि पुढच्या ट्यूब तो हजारपट वाढवतात.

रिले टाकल्यापासून गेन वाढवला की शिट्टी येते.

एकाच रिलेच्या दोन पोलांपैकी एक पहिल्या स्टेजला आणि दुसरा शेवटच्या स्टेजला वापरला असेल. त्या दोन पोलांमध्ये थोडी कपॅसिटन्स असतेच आणि हाय गेनला तेवढी पुरते. लांबच्या स्टेजना वेगळे रिले द्या, मोकळा कॉन्टॅक्ट ग्राउंड करा.

पहिल्यांदा चालू करताना कुठल्या क्रमाने?

सगळ्या ट्यूब काढून ठेवा, मेनच्या सिरीजमध्ये ६० वॉटचा साधा बल्ब लावा. बल्ब क्षणभर लुकलुकून मंद झाला पाहिजे, भगभगीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मंद झाला की रिले सप्लायचं व्होल्टेज रिकामं मोजा, मग रिले ओढून मोजा, मग सगळे रिले एकदम ओढून. मायनस ते चॅसी मोजा. फुटस्विचची केबल हलवून, अर्धी बाहेर काढून बघा की रिले थरथरत नाही ना. मग बंद करून, मोठे कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची मीटरने खात्री करून ट्यूब लावा, आणि हीटरचं एसी परत मोजा, सगळे रिले ओढलेले असतानाही ते ६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. मात्र हे शेवटचं मोजमाप बल्ब काढून करायचं, नाहीतर बल्बच व्होल्टेज खातो आणि उगाच ट्रान्सफॉर्मर कमी पडतोय असं वाटतं.